पान २२ वरची हुलकावणी

ताई, नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. वय २६. शाळेपासून खो-खो खेळलो, राज्य स्पर्धेपर्यंत पोचलो, पुढं गुडघ्यानं दगा दिला. आता दिवसा नोकरी आणि रात्री पटकथा, असं दोन वर्षं चाललंय. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि पुरुष-महिला दोन्ही चषक भारतानं जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. त्यानंतर एका निर्मात्यानं माझी गोष्ट ऐकून घेतली.

गोष्ट थोडक्यात अशी. रेश्मा तालुक्याच्या क्लबची संरक्षक, म्हणजे पळती करणारी खेळाडू. तिला महाराष्ट्राच्या संघात जायचंय, राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र हवंय, म्हणजे खेळाडू कोट्यातून नोकरीची वाट मोकळी होईल. विकास त्याच मैदानावर मुलांच्या संघात. संध्याकाळी दोन्ही संघ एकत्र सराव करतात. पान २२ वर रेश्मा विकासच्या हाताच्या टप्प्यात येते, तो मुद्दाम तिला सोडतो, ती वळून हसते आणि गाणं सुरू होतं. पान ५८ पर्यंत प्रेम आहे. मग जिल्हा, निवड चाचणी, शिबिर, स्पर्धा. पान १०९ वर रेश्माचा संघ अंतिम सामना जिंकतो, विकास फुलं घेऊन गर्दीतून धावत येतो, ती त्याला मिठी मारते.

निर्माते म्हणतात, "प्रेम वाढव. पोस्टरवर जोडी पाहिजे." मला ज्यांनी घडवलं ते सर म्हणतात, "प्रेम काढून टाक. असा सिनेमा आला तर घरचे लोक पोरींना मैदानावर पाठवायचे बंद करतील." दोघांचंही पटतं. मधल्यामध्ये पटकथा अडकलीय. प्रेम किती आणि खेळ किती ठेवू? मी तुमच्या मुलाच्या वयाचा आहे, स्पष्ट सांगा.

— एक पटकथाकार, सांगली जिल्हा

---

माझ्या मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून 'तू' म्हणते.

तू पत्रासोबत पाठवलेली सगळी पानं मी दोनदा वाचली. तुला मैदान ठाऊक आहे हे पहिल्या दहा पानांत कळतं. चवड्यांवर बसलेल्या मुली, संध्याकाळी पाणी मारलेल्या मातीचा वास, पायाच्या घोट्याला बांधलेली जुनी ओढणी, हे ऐकून लिहिता येत नाही. म्हणून तुझ्या या पटकथेची मला मनापासून काळजी वाटली.

निर्माते 'वाढव' म्हणतात, सर 'काढ' म्हणतात आणि तू मला 'किती' विचारतोस. तिघंही भाजीत मीठ किती घालायचं त्याबद्दल बोलताय. तुझी अडचण मिठाची नाही. तू दोन पातेल्यांत दोन वेगळे पदार्थ शिजवलेस आणि शेवटच्या पानावर एका ताटात वाढलेस. पान ५८ ला एक चूल विझते आणि दुसरी पेटते. तिथंच वाचणाऱ्याचा हात सुटतो.

मी एक गोष्ट करून पाहिली, तूही कर. प्रेमाची सगळी दृश्यं बाजूला काढली आणि फक्त अंतिम सामना वाचला. सामन्यातला एक गुणसुद्धा इकडचा तिकडे होत नाही. रेश्मा तशीच पळते, तेवढीच मिनिटं पळते, तशीच जिंकते. मग उलटं केलं. सगळे सामने काढले आणि प्रेम वाचलं. तेही जसंच्या तसं उभं राहतं. रेश्मा खो-खोऐवजी बँकेच्या परीक्षेला बसली असती तरी त्यांच्या भेटी, रुसवेफुगवे, गाणं, काही बदललं नसतं. ही दोन्ही एकमेकांना कुठंच शिवत नाहीत, तोवर तू तीस पानं वाढव नाहीतर वीस काढ, फरक पडायचा नाही.

आता हेच 'लगान'ला करून बघ. २००१ चा सिनेमा, पावणेचार तासांचा, आणि त्यातला सामना एकट्यानं सव्वा तासाच्या आसपास चालतो. गौरीला त्यातून काढ. गौरीचा जीव भुवनवर आहे हे कळल्यावर लाखा जळतो आणि त्या जळण्यापायी इंग्रज कप्तानाला जाऊन मिळतो. गौरी नसेल तर फितुरी नाही, पहिल्या दिवशी लाखानं मुद्दाम सोडलेले झेल नाहीत, रात्री देवळात घुसलेला लाखा नाही, भुवननं त्याला दिलेली माफी नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच लाखानं एका हातानं घेतलेला झेलही नाही. आता एलिझाबेथला काढ. गावाला क्रिकेट शिकवणारंच कुणी उरत नाही. ती शिकवते कारण तिला अन्याय दिसतो, आणि येत राहते कारण तिला भुवन आवडायला लागलाय. दोघींचं प्रेम धावफलकावर दिसतं. पडद्यावर त्या प्रेमाला किती मिनिटं मिळालीत हे तुला घड्याळ लावून मोजावंसं वाटलं नव्हतं, आठवतंय? कुणालाच वाटत नाही.

दुसरं उदाहरण जरा सावकाश सांगते, कारण तुझ्या निर्मात्यांचं उत्तरही त्यातच आहे. 'रॉकी', १९७६. मुष्टियुद्धाचा सिनेमा म्हणून जगाला माहीत. त्यात रॉकी आणि एड्रियन पहिल्यांदा बाहेर जातात ते एका बर्फाच्या रिंकवर. रिंक बंद झालेली असते. रॉकी तिथल्या माणसाला दहा मिनिटांचे दहा डॉलर देतो. एड्रियन बिचकत बर्फावरून घसरतेय, रॉकी साध्या बुटांत तिच्या बाजूनं चालतोय, स्वतःच्या खेळाबद्दल बोलतोय, आणि तो माणूस मधूनमधून ओरडून किती मिनिटं राहिली ते सांगतोय. या दृश्यात आधी रिंकवर गर्दी असायची होती. पैसे नव्हते म्हणून रिंक रिकामी ठेवली. त्या अडचणीतून काय हाती आलं बघ. मिनिटं मोजली जातायत, एक माणूस ओरडून वेळ सांगतोय आणि एक घाबरलेलं माणूस पाय रोवून उभं राहायला शिकतंय. पुढं रिंगणात रॉकीचं हेच होणार असतं. प्रेमाचं दृश्य चाललंय आणि खेळाचं व्याकरण त्यातच आहे.

त्याहून मोठी गोष्ट लढतीच्या आदल्या रात्री होते. रॉकी रिकामं स्टेडियम बघून घरी येतो, एड्रियनच्या शेजारी आडवा होतो आणि कबूल करतो की मी समोरच्या जगज्जेत्याला, अपोलो क्रीडला, हरवू शकत नाही. मला फक्त पंधरा फेऱ्या टिकायचंय, शेवटच्या घंटेला उभं असायचंय. सिनेमात 'जिंकणं' म्हणजे काय, हे त्या अंथरुणावर ठरतं. दुसऱ्या दिवशी पंच निकाल सांगतात, रॉकी गुणांवर हरतो, आणि आपल्याला तो निकाल नीट ऐकूही येत नाही, कारण रॉकी एड्रियनला हाका मारतोय. ती गर्दीतून वाट काढत येते, तिची टोपी कुठंतरी पडलीय, आणि सुजलेल्या डोळ्यांचा तो माणूस तिला पहिलं काय विचारतो? तुझी टोपी कुठंय.

तुझा विकासही गर्दीतून धावत येतो. पण तो रिकाम्या हातानं येतो. हातात फुलं आहेत हे खरं, पण त्यानं आणि रेश्मानं आधी मिळून ठरवलेलं असं काहीच त्या मिठीत नाही. प्रेमाच्या दृश्यात काहीतरी ठरायला हवं आणि मैदानात त्याचा हिशेब व्हायला हवा.

आणि निर्मात्यांना सांग, 'रॉकी'च्या गाजलेल्या पोस्टरवर ठोसा नाही. पाठमोरा रॉकी आणि त्याचा हात धरून चालणारी एड्रियन आहे. जोडी मागण्यात त्यांची काही चूक नाही. पोस्टरवर जोडी द्यायला प्रेमाची पानं वाढवावी लागत नाहीत, एवढंच त्यांना समजावून दे.

आता तुझ्या पान २२ कडे येते. ते वाचताना मी पेन्सिल खाली ठेवली होती. तुझ्या सगळ्या सिनेमाचं बी त्या पानावर आहे आणि तू त्यावर गाणं घालून पुढं निघून गेलास.

काय घडतं तिथं? आठ जण चवड्यांवर बसलेत, एकाआड एक तोंड इकडं आणि तिकडं. विकास नववा, उठलेला. तुला नियम सांगायला नको, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागं फिरता येत नाही आणि बसलेल्यांच्या रांगेतून आरपार जाता येत नाही. पळणाऱ्याला मात्र सगळी मोकळीक, ती दोघांच्या मधून इकडून तिकडं जाऊ शकते. म्हणून पाठलाग करणाऱ्याचा खेळ ओळखण्याचा असतो. समोरची आता कुठं वळणार, हे पावलाआधी कळलं पाहिजे. आणि विकासला ते कळतं! तूच लिहिलंयस की रेश्मा वळायच्या आधी डावा खांदा किंचित खाली घेते आणि हे फक्त त्याच्या लक्षात आलंय. रोज संध्याकाळी जिच्याकडे तो बघतो, तिचं शरीर त्याला पाठ झालंय. त्याला ती बाद करता येते. तरी तो हात आखडता घेतो.

तुला हे गोड वाटलं. मलाही वाटलं. पण जरा खेळाडू म्हणून विचार कर. ज्या मुलीला राष्ट्रीय स्पर्धा गाठायचीय, तिची एक खोड जगात एकाच माणसाला माहीत आहे आणि तो ती तिच्यापासून लपवतोय. का, तर ती सुटल्यावर हसते आणि ते हसू त्याला हवंय. रेश्मा दर संध्याकाळी सुटते आणि आपली हुलकावणी कुणाला कळत नाही अशी तिची खात्री होत जाते. त्याच्या प्रेमानं तिचा खेळ बिघडतोय. हे खलनायकाचं काम नाही, वाईट हेतू कुणाचाच नाही, म्हणून तर ते इतकं लागतं.

मग जिल्हा स्पर्धेत समोर दुसऱ्या तालुक्याची एखादी पोर येऊ दे, डोळ्यानं तल्लख. पहिल्या डावात रेश्मा तीस सेकंदांत बाद. दुसऱ्या डावात पस्तीस. जिच्या जिवावर संघ तीन-तीन मिनिटं काढतो ती आल्या पावली परत. सामना हातचा गेलाय, मुली टेम्पोत मागं गप्प बसल्यात. रेश्माला कुणीतरी सांगतं की ती पोर तुझा खांदा बघत होती. त्या संध्याकाळी ती विकासला विचारते, "तुला माहीत होतं?"

तो गप्प.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

हे तुझं पान ५८. इथं तुझं प्रेम संपून खेळ सुरू होत होता. आता बघ, प्रेम मोडतंय ते खेळामुळं आणि खेळ अडलाय तो प्रेमामुळं. एकाला हात घातल्याशिवाय दुसरं सोडवता येत नाही. त्यांचं भांडण गैरसमजाचं नको, तिसऱ्या कुणी कान भरायला नको, श्रीमंत बापाचा मुलगा नको. तुझ्या जुन्या मसुद्यात तो पान ४५ ला गाडी घेऊन येतो, त्याला गाडीसकट परत पाठव.

खेळातली खूण हीच प्रेमातली गोष्ट असणं, हे मी काही हवेतलं सांगत नाही. २०२४ च्या 'चॅलेंजर्स'मध्ये टेनिसवरून एकमेकांशी बांधलेले तिघं आहेत. त्यातला एक सर्व्हिस करायच्या आधी चेंडू रॅकेटच्या मानेपाशी ठेवतो. ही साधी सवय, पण दोघा मित्रांनी तरुणपणी त्या सवयीला एक गुपित अर्थ दिलेला असतो. वर्षांनंतर ऐन सामन्यात दुसरा तसाच चेंडू धरतो आणि एक अक्षर न बोलता समोरच्याला कळतं की आपल्या बायकोबाबत काय घडलंय. सगळं स्टेडियम बघतंय आणि कळलंय फक्त तिघांना. तुझ्याकडचा खांदा त्या चेंडूच्या तोडीचा आहे.

सरांचं म्हणणं मी शेवटी ठेवलं नाही, मध्ये ठेवलंय, कारण ते या पटकथेच्या मध्यावरच यायला हवं. सर खोटं बोलत नाहीत. तालुक्याच्या मैदानावर मुली येतात त्या बापाच्या आणि भावाच्या विश्वासावर. सातच्या आत घरी, सोबत मैत्रीण, सरांचा शब्द. एक कुजबुज झाली की एकीपाठोपाठ एक मुलगी यायची बंद होते, आणि ज्या मुलींचा त्या कुजबुजीशी काही संबंध नाही त्यांचा खेळ आधी सुटतो. मी स्वतः अशा एका मैदानाच्या कडेला वाढले. तिथल्या मुलींचा संघ एका चिठ्ठीवरून मोडला होता. ती चिठ्ठी कुणाची हे शेवटपर्यंत कळलं नाही. नऊपैकी पाच जणींची लग्नं पुढच्या दोन उन्हाळ्यांत लागली. त्यातली एक माझी बहीण. त्यामुळं सरांचं वाक्य मला फार आत जाऊन लागलं.

पण सरांनी तुला 'हे काढ' असं सांगितलं, आणि मी म्हणेन की त्यांनी तुझ्या हातात दुसरा अंक ठेवला. ही भीती सिनेमातून काढू नकोस, सिनेमात घे. सरांच्या तोंडी त्यांचंच वाक्य दे, जसंच्या तसं. कुजबुज कधी सुरू होऊ दे? दोघांचं मोडल्यावर. जे आता उरलेलंच नाही त्याची शिक्षा सुरू होते. तीन मुली यायच्या थांबतात. खेळायला नऊ लागतात आणि मैदानावर सात उरतात. रेश्माच्या प्रेमाची किंमत तिच्याबरोबर खेळणाऱ्या मुली मोजतायत आणि त्या तिच्याकडं बघतसुद्धा नाहीत. या पंधरा पानांत विकास फारसा दिसायचा नाही, तरी प्रत्येक पान प्रेमाचंच असेल.

इथं एका गोष्टीकडं लक्ष दे. आपल्या खेळपटांत प्रेमाची किंमत बहुतेक वेळा मुलगीच मोजते. २०१६ साली कुस्तीचे दोन मोठे हिंदी सिनेमे आले. 'सुलतान'मध्ये आरफा मुळात त्याच्याआधीची पैलवान, ऑलिम्पिकचं पदक हे तिचं स्वप्न, आणि गरोदरपणामुळं आखाडा सोडते ती. तो पुढं जगज्जेता होतो. सिनेमा नंतर त्याला त्याच्या गर्वाची शिक्षा देतो, पण तिचं हुकलेलं पदक मला घरी येईपर्यंत टोचत राहिलं. त्याच वर्षीच्या 'दंगल'नं प्रेमाला हातच लावला नाही. बाप आणि मुली यांच्यातच त्याची सगळी ओढाताण आहे आणि तीही पुरेशी आहे. प्रेम नसेल तर खेळपट कोरडा होतो असं मुळीच नाही. 'इक्बाल'मध्येही नायिका नाही आणि कुणाला तिची आठवण आली नाही. सरांचा सल्ला मानायचा असेल तर तो रस्ताही सरळ आहे. मात्र मग पान २२ पासून विकासला मित्र कर, भाऊ कर, आणि शब्द पाळ. अर्धवट प्रेम ठेवू नकोस.

ठेवायचं असेल तर विकासच्या पदरात किंमत घाल. रेश्मा त्या तीन मुलींच्या घरी स्वतः जाते. विकासनं जायचं नाही, तो गेला तर आग वाढेल, आणि त्याला हे कळणं, घरी थांबणं, हेच त्याचं काम. ती त्यांच्या बापांना म्हणते, रोज मैदानावर येऊन बसा, डोळ्यांनी बघा. मग एका संध्याकाळी कडेला चार बाप, एक आजी, दोन भाऊ येऊन बसलेत. सर घड्याळ घेऊन उभे. आणि सगळ्यांच्या देखत रेश्मा सरांना सांगते, "मला विकासविरुद्ध पळायचंय."

हे तुझं खरं प्रेमाचं दृश्य. त्याला सहा पानं दे. तो तिला बाद करतो. ती उठते, परत उभी राहते. तो परत बाद करतो. या वेळी तो हात आखडत नाही, पाठीवर हात असा पडतो की आजी दचकते. दहा वेळा, पंधरा वेळा. कोपर खरचटलंय, केसांत माती. दोघांत एक शब्द नाही, फक्त 'खो'चा आवाज. ज्यांना लफडं बघायचं होतं त्यांना एक मुलगा एका मुलीला निर्दयपणे खेळवताना दिसतोय. आपल्याला मात्र दिसतंय की तो पहिल्यांदा तिच्याशी खरं वागतोय. आणि मग एकदा तो जिवाच्या आकांतानं खांबावरून सूर मारतो आणि त्याचा हात हवेतच राहतो. तो मातीत पालथा पडलाय, ती पलीकडं उभी आहे, दोघांनाही धाप लागलीय. ती हसत नाही. गाणं घालायचंच असेल तर इथं घाल, पान २२ वर नको.

गाण्यांचं जाता जाता सांगते, कारण निर्माते गाण्यावर अडणार. १९९२ च्या 'जो जीता वही सिकंदर'मधलं सगळ्यांना पाठ असलेलं संथ गतीचं गाणं आठव. त्यात संजय देविकाची स्वप्नं बघतोय आणि अंजली संजयची. एकाच गाण्यात कोण कुणाकडं बघतंय आणि कोण कुणाला दिसत नाहीये, एवढं सगळं सांगून होतं. गाणं संपताना काहीतरी पुढं सरकलेलं असलं की गाण्यानं सिनेमा थांबत नाही.

नोकरीचा धागा तू पान १० वर टाकलास आणि विसरलास. तो फार मोलाचा आहे. आपल्याकडं खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, आणि खेड्यातल्या खेळणाऱ्या मुलीच्या घरात त्या आकड्याचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो. प्रमाणपत्र म्हणजे नोकरी, आणि नोकरी म्हणजे लग्न कधी आणि कुणाशी यावर तिलाही बोलता येईल असा दिवस. परदेशी सिनेमात स्पर्धा आणि प्रेम लेखकाला जुळवून आणावं लागतं. रेश्माच्या घरात ते आधीच जुळलेलं आहे. तिच्या आईच्या तोंडी एखादं वाक्य दे, भाकरी थापता थापता, भाषण नको.

आता शेवट. अंतिम सामन्यात विकासला प्रेक्षकांत बसवू नकोस. दर दोन मिनिटांनी त्याचा काळजीनं भरलेला चेहरा दाखवायचा मोह दिग्दर्शकाला होणारच, म्हणून तू त्याला तिथं पाठवूच नकोस. खो-खोची पळती हे सिनेमाला मिळालेलं दान आहे. दोन मिनिटं चाळीस सेकंद एक मुलगी पळत राहते, म्हणजे न तोडता घेतलेलं एक आख्खं दृश्य. त्यात मध्येच कुणाचा चेहरा आला की आपला श्वास तुटतो. शिवाय त्या बापांना दिलेल्या शब्दाखातर तो गेलेला नाही. ही त्याची किंमत.

शेवटच्या तुकडीत रेश्मा. समोर तीच तल्लख पोर, जिल्ह्याला भेटलेली, आता दुसऱ्या संघाकडून. ती खांदा बघतेय. रेश्मा डावा खांदा खाली घेते, पोर झेपावते, आणि रेश्मा उलट्या बाजूनं निघून गेलेली असते. खोड होती ती आता हुलकावणी झालीय. प्रेक्षकांतल्या प्रत्येकाला ती संध्याकाळ आठवेल, मातीत पालथा पडलेला विकास आठवेल, आणि तू त्याला दाखवलेलंही नसेल. आता परत ती परीक्षा कर, प्रेम काढून सामना वाच. वाचता येणार नाही.

सामना जिंकायचा की हरायचा, हे तू ठरव. मला दोन्ही चालेल, कारण तो खांदा खाली गेला तिथं माझा जीव भांड्यात पडलेला असेल. फुलं मात्र काढ.

दुसऱ्या दिवशी सकाळी विकास एसटी स्टँडवरच्या चहाच्या गाड्यापाशी पेपर उघडतो. खेळाच्या पानावर तळाला चार ओळी आहेत, नेहमीसारख्या, कोणी किती मिनिटं पळती केली, कोणी किती गडी बाद केले. तिथं कंसात रेश्माच्या नावापुढं २.४० मि. एवढंच छापलंय. चहावाला विचारतो, "काय रे, जिंकल्या का पोरी?" त्याला ती ओळ परत एकदा वाचू दे, मग उत्तर देऊ दे.

नवा मसुदा झाला की पाठव. पान २२ आधी वाचेन.

— तुझी ताई